मुकादम, चावी कुठंय?

३ फेब्रुवारी

ताई,

'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तू पाकीट न फोडताच हसली असतीस, म्हणून नुसतंच ताई.

आधी खाली बस. बसलीस? 'कानठळ्या' परत येतंय. होय, आपलाच बँड, बावीस वर्षांनी! कोणा पोरांना आपली जुनी कॅसेट सापडली, त्यांनी ती नेटवर टाकली, आणि आता विशीतली मुलंमुली 'मुकादम, चावी कुठंय?' असं भिंतींवर लिहीत सुटलीयत. एक आयोजक बाई मला शोधत दुकानात आल्या. मी तेव्हा एका वॉशिंग मशिनच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. म्हणाल्या, "ते गाणारे तुम्हीच का?" ताई, इतक्या वर्षांत लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय, पाणी कुठून गळतं.

सहा शहरं, सहा कार्यक्रम. शेवटचा आपल्या गावी, २० एप्रिलला, जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये. काडीनं लगेच हो म्हटलं. त्याचे केस गेलेत, पण गिटार अजून तसाच बडवतो. ढोल्यानं तीनदा फोन कापला. चौथ्यांदा म्हणाला, येतो, पण 'मुकादम' वाजवायचं नाही. मी म्हटलं बघू. ड्रम वाजवणाऱ्यांचं डोकं थोडं तिरकंच असतं.

बेसवर तू हवीस. तुझ्या कानांचं मला माहितीय. पण बेस कानानं नाही, पोटानं वाजवायचा असतो, हे तुझंच म्हणणं. आणि ज्या गाण्यानं हे सगळं उभं राहतंय, त्याचे शब्द तुझे आहेत. हो म्हण.

तुझा
धाकटा

---

११ फेब्रुवारी

धाकट्या,

नाही. डावा कान कायमचा गेला, उजव्यात मशीन आहे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी असते आणि लेन्स घासायचं चाक असतं. चाक किंचाळतं म्हणतात. मला ते बोटांतून कळतं, तेवढं पुरे. तू मात्र पत्रंच लिही. मोबाइलवर तू दोन ओळी टाकून सटकतोस, पत्रात तुझं अक्षर तुझी चुगली करतं.

आता दुसरं. परवा दुकानात मुकादम आले होते. आपल्या खोक्यांच्या कारखान्यातले, तेच. पंचाहत्तरीचे असतील. मालकांनी मला चेहऱ्याचं माप घ्यायला बाहेर बोलावलं, कारण त्यांना स्वतःच्या हातानं फ्रेम धरता येईना. दोन्ही तळवे गुळगुळीत, चकचकीत, भाजून बरे झालेले. बोटं मिटतच नाहीत.

मला ओळखलं त्यांनी. म्हणाले, "ते गाणं लिहिणारी तूच ना गं? चांगलं जुळवलंयस. माझ्या मुलीला शाळेत पोरं म्हणून दाखवायची."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. माझं माप चुकलं. ते म्हणाले, "घे परत, मला घाई नाही." आणि मग, तसंच सरळ बसून, "चावी माझ्याकडे कधी नव्हतीच, पोरी. ते कुलूप कारखान्याचं नव्हतं. कारखान्याच्या प्रत्येक कुलपावर नंबर असायचा."

"मग हात?" मी विचारलं.

"दार उघडताना."

धाकट्या, आपण तेव्हा काय म्हणालो होतो? पुरावा लपवायला गेला आणि भाजला. आग लागली, पॅकिंग हॉलमध्ये पाच बायका अडकल्या, मागच्या दाराला बाहेरून कुलूप. चौघी वाचल्या, पाचव्या, ज्यांना सगळा कारखाना मावशी म्हणायचा, त्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारल्या. कुलूप मुकादमांनी लावलं हे तू मला सांगितलंस, आणि मी ते लिहिलं. कोर्टानं त्यांना सोडलं होतं, हे मला परवा कळलं. गाण्यानं सोडलं नाही.

तू त्या दिवशी पुढच्या फाटकाशी ट्रक भरत होतास. त्यांना कुलूप लावताना तू नक्की कुठून पाहिलंस? नीट आठवून लिही.

ताई

---

१ मार्च

ताई,

तू काल तिथं असायला हवी होतीस! हजार तरी पोरं. अर्धी आपल्या कॅसेटनंतर जन्मलेली. पहिल्या तीन गाण्यांत माझे गुडघे बोलायला लागले, पाचव्याला आवाज फाटला. पण फाटका आवाज हेच तर आपलं भांडवल. बेसवर आणलेली मुलगी बरी आहे, फक्त ती सुरात वाजवते.

आम्ही 'मुकादम' यादीतून काढलं होतं, ढोल्यासाठी. शेवटी पोरांनीच सुरू केलं. चाऽवी कुठंय, चाऽवी कुठंय! स्टेजच्या फळ्या हलत होत्या. मी गायला लागलो. ढोल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि बसून राहिला. लोकांनी पायांनी ठेका धरला. ताई, अंगावर काटा आला. ड्रमची गरजच पडली नाही. ढोल्या माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल.

आता तुझ्या म्हाताऱ्याचं. माणूस म्हातारा झाला की स्वतःला सोयीचं तेवढंच आठवतं. बावीस वर्षं तो आरशासमोर हेच घोकत असणार. चोराच्या मनात चांदणं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, गोडाऊनच्या बाजूनं दाराला हातभर साखळी गुंडाळलेली आणि तिला कुलूप. त्यात आठवण्यासारखं काय आहे? रोजच म्हणायचा की नाही, "परत बाहेर पळालात तर कुलूप लावीन"? सगळ्यांनी ऐकलंय.

त्याच्याशी बोलू नकोस. चष्मा दे आणि वाटेला लाव.

धाकटा

---

७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

साखळीचा शब्द मी तुला लिहिला नव्हता. मुकादमांनीही मला तेव्हा सांगितला नव्हता. गाण्यात साखळी नाही, फक्त कुलूप आहे, कारण तू मला फक्त कुलूप सांगितलं होतंस. साखळीचं मी काल त्यांच्याकडून ऐकलं. हो, तू नको म्हणालास तरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बाई दार उघडून बाजूला झाल्या, बसा म्हणाल्या नाहीत. गाणं लिहिणारी मी, त्यांनी का म्हणावं?

मुकादम म्हणाले, हातभर साखळी होती, गोडाऊनच्या बाजूनं. लोखंडी पहार अडकवून तोडली. तापलेली होती.

ते दार गोडाऊनच्या आत उघडायचं. पुढचं फाटक इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथून ते दार दिसणं शक्यच नाही, मी तुला डबा द्यायला रोज यायचे तिथं. साखळी पाहायची तर गोडाऊनमध्येच असायला हवं.

मी दिवसभर काच घासते. केसाएवढा फरक राहिला तरी माणसाला जग वाकडं दिसतं. म्हणून सरळ विचारते. तू कुठे होतास?

ताई

---

१५ मार्च

ताई,

बहीण आहेस की पोलीस?

गाणं तू लिहिलंस. 'धुराला विचार, कुणाचं बोट', ही ओळ माझी नाही, तुझी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तूही माझ्या शेजारी उभी होतीस. आता कान गेले, बँड गेला, तर तुला एकदम साधुत्व सुचलं होय?

मी कुणाला काही देणं लागत नाही. अजून तीन कार्यक्रम आहेत. मला गाऊ दे.

---

२ एप्रिल

धाकट्या,

सही करायचीसुद्धा विसरलास, एवढा चिडलास.

शब्द माझे आहेत, म्हणूनच विचारतेय. ते खोटे असतील तर तुझ्याआधी मी खोटी.

ढोल्याची बायको काल येऊन गेली. तो कार्यक्रम अर्धवट सोडून घरी परतलाय, जेवत नाही, दाढी करत नाही. तिनं माझ्यासमोर पाटीवर लिहिलं, 'ह्यांना तुमच्या भावानं काय सांगितलंय?' मी तिला काय उत्तर देऊ? तूच सांग.

माझ्याशी भांडायचं तर भांड. पण गप्प राहू नकोस.

ताई

---

९ एप्रिल

ताई,

साखळी माझी होती.

हे पाच शब्दसुद्धा नाहीत, पण लिहायला बावीस वर्षं लागली. आता हात थांबायच्या आत सगळं लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत मी आणि ढोल्या गोडाऊनमध्ये जायचो. तो डिंकाचे रिकामे पिंप उलटे मांडून वाजवायचा, मी कागदाच्या रिळांवर चढून ओरडायचो. आपली पहिली सहा गाणी तिथंच बसली. मुकादमांनी एकदा पकडून आठवड्याचा पगार कापला होता. ते पॅकिंग हॉलमधून त्या मागच्या दारानंच यायचे. म्हणून त्या दिवशी मी दाराला माझ्या सायकलची साखळी लावली. कडीतून गुंडाळली, कुलूप दाबलं, चावी खिशात टाकली. त्याच आठवड्यात माझी सायकल चोरीला गेली, आठवतं? साखळीच नव्हती तिला.

सुट्टी संपली तरी आम्ही वाजवतच होतो. मग धूर आला. आम्ही शटरखालून सरपटत बाहेर पळालो. मला वाटलं आग इकडेच लागलीय, हॉल रिकामा असेल. फाटकाशी पोहोचलो तेव्हा कोणीतरी बायकांची नावं घेऊन ओरडत होतं. चावी माझ्या मुठीत होती. ताई, मला माघारी जाता आलं असतं. मी गेलो नाही. मुकादम गेले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "दार कोण बंद करायचं?" मी म्हटलं, मुकादम म्हणायचे की कुलूप लावीन. एवढंच म्हणालो. पुढचं त्यांनीच जुळवलं. घरी आलो तर तू विचारलंस, आणि मी म्हटलं, मी पाहिलं. तू रडत रडत गाणं लिहिलंस. मी ते गायला लागलो, आणि गाता गाता मला खरंच वाटायला लागलं की त्यांनीच लावलं होतं. ढोल्याला तसं कधी वाटलं नाही. बँड त्यामुळे मोडला. आम्हाला एकमेकांची तोंडं बघवेनात.

मी ठरवलंय. २० तारखेला आपल्या गावी, भर स्टेजवरून, 'मुकादम'च्या ऐवजी हे सांगणार. सगळ्यांसमोर. मग जे व्हायचं ते होवो.

तू माझी बहीण राहशील का, एवढं कळव.

धाकटा

---

१३ एप्रिल

धाकट्या,

राहीन. ते काही माझ्या हातात नाही.

तुझं पत्र वाचून चाकावर लेन्स धरली आणि तीन फोडल्या. मालकांनी घरी पाठवलं. घरी आल्यावर तुझ्यावर ओरडले, भिंतीकडे बघून. शेजारीण दार उघडून बघायला आली, म्हणजे बराच मोठा आवाज असावा.

आता ऐक. आधी स्टेज नाही. स्टेजवर कबुली दिलीस तर लोक तिलाही टाळ्या वाजवतील. काय हिंमत, म्हणतील. तुझं पापसुद्धा गाजेल आणि तो माणूस घरात बसून पुन्हा लांबूनच ऐकेल. बावीस वर्षं त्यांनी स्वतःबद्दलचं सगळं रस्त्यावरूनच ऐकलंय.

आधी त्यांच्या घरी जा. सकाळी, पायी, एकटा. माझ्यामागे लपू नकोस, मी येणार नाही. मी माझी वेगळी जाईन, माझ्या शब्दांसाठी. ते सांगतील ते लिहून दे. मारलं तर खा. हाकललं तर पायरीवर बस. मग पोलिसात. मावशींच्या लेकीलाही कळायला हवं. ती इथंच राहते, शिवणकाम करते, तिचा पत्ता मी शोधलाय.

आणि ढोल्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव घेऊ नकोस. निदान एवढं एक तरी नीट कर.

ताई

---

२३ एप्रिल

ताई,

कोठडीतून लिहितोय. कागद मिळाला, पेन हवालदारांचं आहे, उभे राहून वाट बघतायत.

मुकादमांकडे गेलो. मी उंबऱ्यातच सांगितलं. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो, फक्त म्हणालो, "साखळी माझ्या सायकलची होती." ते खाटेवर बसले होते. त्यांच्या बाई आतून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, "गाऊन दाखव."

मला कळेना. ते म्हणाले, "गाणं. मी ते गल्लीतून ऐकलंय, बसच्या थांब्यावर ऐकलंय, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाबाहेर ऐकलंय. माझ्यासमोर उभं राहून कुणी म्हटलेलं नाही. म्हण."

ताई, मी हजारो लोकांसमोर गायलोय. त्या खोलीत मला पहिली ओळ संपवता आली नाही. मी थांबलो तिथून पुढं त्यांनी म्हटलं. चाल न लावता, हिशेबाच्या वहीतून वाचावं तसं, शेवटच्या ओळीपर्यंत. एक शब्द चुकला नाही.

मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. "ते नको. लिहून दे." मी लिहून दिलं. वाचून म्हणाले, "तारीख टाक." मग म्हणाले, "आज तुझा कार्यक्रम आहे ना? तिथं माझं नाव काढू नकोस. कबुलीतही नको. माझ्यावर आणखी एक गाणं नको मला."

माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही.

दुपारी ढोल्या स्वतःहून हॉलवर आला, दाढी करून. संध्याकाळी मी तुला पहिल्या रांगेत पाहिलं, पण पुन्हा तिकडे बघायचा धीर झाला नाही. बोलायला लागलो तेव्हा मी डोळे मिटले होते. नुसता गोंगाट ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चौकीत गेलो. त्या संध्याकाळी नक्की काय झालं, ते मला धड माहीत नाही. तू सांग.

धाकटा

---

२८ एप्रिल

धाकट्या,

मी काय ऐकलं ते विचारू नकोस. मशीन काढून खिशात ठेवलं होतं. मी बघत होते.

पाचव्या गाण्यानंतर सगळ्या हॉलची तोंडं एकदम एकच आकार करायला लागली. चाऽवी. फळ्यांतून ठेका माझ्या तळपायांत येत होता. तू माइक धरलास. तुझ्या ओठांवरून मी वाचलं, "हे गाणं खोटं आहे. कुलूप मी लावलं होतं." आणि पोरं उड्या मारायला लागली! त्यांना वाटलं, हा नवा खेळ आहे. माझ्या शेजारच्या मुलीनं आनंदानं माझा खांदा धरून हलवला. तू तीनदा तेच म्हणालास. तिन्ही वेळा ठेका वाढला.

मग ढोल्या उठला. त्यानं काठ्या खाली ठेवल्या, पुढं आला, तुझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "आम्ही दोघं. मावशी मेल्या." त्याला कधी स्टेजवर बोलताना कुणी पाहिलंच नव्हतं. पहिल्या रांगेतली तोंडं मिटली. मग दुसरीतली. एकेक तोंड मिटत मिटत ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं, आणि माझ्या पायांखालच्या फळ्या शांत झाल्या. कुणीतरी बाटली फेकली, ती काडीला लागली, बिचारा काही न करता भरडला गेलाय यात. भुवईला चार टाके. तो तुमच्या दोघांवर भयंकर चिडलाय. त्याचं बरोबर आहे.

मी मुकादमांकडे गेले होते, माझ्या शब्दांसाठी. या वेळी बाई बसा म्हणाल्या. तेवढंच झालं. मी त्याहून जास्त काही मागत नाही.

काल मावशींच्या लेकीला भेटले. तिनं शिवणयंत्र थांबवलं, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिला तुला भेटायचंय. गुरुवारी भेटीच्या वेळेला मी तिला घेऊन येते. तिचा एकच प्रश्न आहे. तो तुला आधी कळवावा की नाही, याचा मी दिवसभर विचार केला. कळवते, कारण तू तिच्यासमोर गडबडून खोटं बोललास तर मी ते बघू शकणार नाही.

ती विचारते, "आईनं दार वाजवलं होतं का?"

ताई

---

२ मे

ताई,

तुझं पत्र कालपासून हातात आहे.

हे मी मुकादमांना सांगितलं नाही, स्टेजवर सांगितलं नाही, चौकीतल्या जबाबात नाही. तुलाही नाही. ढोल्याला माहीत आहे, पण आम्ही एकमेकांपाशीसुद्धा कधी बोललो नाही.

वाजवलं होतं. आम्हाला ऐकू येत होतं. नवं गाणं बसत होतं, वेगाचं, आणि दारावर धपाधप थापा पडायला लागल्या. मला वाटलं, बायका मजेत ठेका धरतायत. त्या एरवी आम्हाला हसायच्या, म्हणायच्या, काय रे, कानठळ्या बसवता! मी रिळावरून ढोल्याला खूण केली, बघ, त्यांनाही आवडलं. तो हसला आणि त्यानं जोर वाढवला. मीही वरच्या पट्टीत गेलो.

पूर्ण एक गाणं होईपर्यंत, ताई.

तिला घेऊन ये. मी हे तिच्या तोंडाकडे बघून सांगेन.

धाकटा